बीबीसी मायक्रो : उघडण्यासाठीच बांधलेला संगणक

चाळीस वर्षं कपाटात पडून राहिलेला बीबीसी मायक्रो हाती लागला, तर पहिला नियम एकच : लगेच प्लग लावायचा नाही. तो कदाचित चालूही होईल. आधी एक बीप, मग दुसरा वरच्या पट्टीतला बीप, पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर 32के' ही ओळ. तुम्ही खूश व्हाल. आणि थोड्या वेळाने डावीकडच्या पॉवर सप्लायमधून फट्‌ असा आवाज येऊन खोलीभर उग्र, करपट धूर पसरेल.

घाबरण्याचं कारण नाही, संगणक बहुतेक वेळा शाबूत असतो. फुटलेला असतो तो मेन्सच्या तोंडाशी बसवलेला कंडेन्सर, विजेतली खरखर गाळणारा. धातूचा मुलामा दिलेला कागद पारदर्शक इपॉक्सीत बंद केला, की हा कंडेन्सर तयार होतो. वर्षं सरतात तशी इपॉक्सीला बारीक चिरा पडतात, आत दमटपणा शिरतो, आणि बरेच दिवसांनी वीज मिळाली की तो फुटतो. हौशी मंडळी त्याला बनवणाऱ्याच्या नावावरून 'रिफा'च म्हणतात. जुना काढून 'एक्स टू' वर्गाचा नवा बसवायचा, काही रुपयांचं काम. मात्र पॉवर सप्लायची पेटी उघडण्याआधी एक ध्यानात ठेवावं : प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरवर तीनशे व्होल्टच्या वर दाब उरू शकतो. तो उतरल्याची मल्टिमीटरने खात्री करावी. ज्यांनी हातात सोल्डर गन कधी धरलेली नाही, त्यांनी एवढं काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्याकडून करून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

बाकीचं यंत्र उघडायला मात्र बिचकू नये. दोन स्क्रू मागे, दोन खाली, आणि त्यांच्याजवळ 'फिक्स' असं उठवलेलं. ते काढले की झाकण निघतं आणि अख्खा बोर्ड समोर येतो. यातल्या बऱ्याच महत्त्वाच्या चिप्स सॉकेटात बसवलेल्या आहेत. म्हणून बिघडलेल्या बीबीसीवरचा पहिला इलाज अगदी साधा : चिप अलगद उचलायची, पाय साफ करायचे, पुन्हा नीट दाबून बसवायची. गंजलेल्या सॉकेटामुळे 'मेलेली' कितीतरी यंत्रं एवढ्यावर उठून बसतात. दुसरी खूण आवाजाची. वीज मिळताच ध्वनीची चिप आपणहून वाजू लागते, तिला गप्प करण्याचं काम प्रोसेसरचं. दुसरा बीप न येता एकच सूर अखंड वाजत राहिला, तर प्रोसेसर आपल्या कामापर्यंत पोहोचलेलाच नाही, असं समजायचं आणि शोध तिथून सुरू करायचा. बीबीसी मायक्रोच्या मॉडेल बी मध्ये घड्याळाची बॅटरी नाही, हे आणखी एक भाग्य. नंतरच्या अनेक संगणकांचे बोर्ड बॅटरीच्या गळतीने खाऊन टाकलेत.

या यंत्राची जन्मकथा आता दंतकथेसारखी सांगितली जाते, पण ती खरी आहे. 1981 साली बीबीसीला लोकांना संगणक शिकवणारी दूरचित्रवाणी मालिका करायची होती आणि तिच्या जोडीला एक संगणक हवा होता. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडे दाखवायला तयार यंत्र नव्हतं. कंपनीचे हरमन हाउझर यांनी तिथल्याच सोफी विल्सनना सांगितलं की, सहकारी स्टीव्ह फर्बरच्या मते आठवड्यात नमुना होईल, आणि फर्बरना सांगितलं की, विल्सनच्या मते होईल. दोघांनी तो केला. बारा हजार यंत्रं खपतील असा अंदाज होता, या घराण्याची पंधरा लाखांच्या आसपास खपली. स्वस्त मात्र तो कधीच नव्हता. मॉडेल बी ची किंमत 399 पौंडांवर गेली, त्यामुळे ब्रिटनमधली पुष्कळ मुलं शाळेत बीबीसी वापरायची आणि घरी सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम.

दोन मेगाहर्ट्झचा 6502 प्रोसेसर, 32 किलोबाइट स्मृती. त्यातली 20 किलोबाइट काही चित्र-मोडमध्ये पडदाच खाऊन टाकतो. ही चणचण बनवणाऱ्यांनाही दिसत होती. त्यांनी त्यावर काढलेला तोडगा मला या यंत्रातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. यंत्राच्या पोटाखाली जोडण्यांची एक रांग आहे, तिच्यात 'ट्यूब' नावाची एक. तिच्यात दुसरा प्रोसेसर त्याच्या स्वतःच्या स्मृतीसकट जोडायचा. हिशेबाचं काम तो करतो, कळफलक, पडदा आणि डिस्क जुना 6502 सांभाळतो.

या ट्यूबमधून जे घडलं त्याचा अंश आज तुमच्या खिशात आहे. विल्सन आणि फर्बर यांनी पुढे स्वतःचाच प्रोसेसर आखला, त्याचं नाव एआरएम. पहिली चिप 26 एप्रिल 1985 रोजी हाती आली आणि चालवून पाहिली ती बीबीसी मायक्रोला ट्यूबने जोडून. फर्बर सांगतात की, चिप किती वीज घेते हे मोजायला गेल्यावर मीटरने शून्य दाखवलं. वीज जोडलेलीच नव्हती, इतर तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर चिप चालत होती. इतकी कमी भूक असलेली जात पुढे मोबाइलमध्ये गेली नसती तरच नवल.

आणि आता चक्र उलटं फिरलंय. आजचे हौशी ट्यूबमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लावतात. तोही केंब्रिजचा, त्याच्याही पोटात एआरएम, त्याच्या मॉडेल ए आणि बी या नावांचं मूळही बीबीसी मायक्रोत. 'पायट्यूबडायरेक्ट' या जोडणीत तो 6502 चं सोंग घेतो आणि मूळ प्रोसेसरच्या शंभरपटीहून वेगाने धावतो. मध्ये एक छोटा बोर्ड लागतो, कारण बीबीसी पाच व्होल्टवर बोलतो आणि पायला 3.3 च्या वर झेपत नाही. सव्वापाच इंची फ्लॉप्यांच्या जागी यूजर पोर्टवर मेमरी कार्ड बसतं, त्यातल्या एका फाइलमध्ये 200 किलोबाइटच्या 511 डिस्का मावतात. नव्या मॉनिटरसाठी एचडीएमआयची सोयही झाली आहे.

या सुधारणांना माझी हरकत नाही, कारण यातलं काहीच बोर्ड कापून करावं लागत नाही. लावलं तसं काढताही येतं. केसला भोकं पाडून आत आधुनिक मदरबोर्ड कोंबणारे मात्र मला रुचत नाहीत. केसचं प्लास्टिक रसायनाने पांढरंफेक करण्याचा सोसही तसाच, ते पिवळं असलं तरी कीबोर्ड तितकाच छान चालतो.

आपल्याकडेही हे यंत्र आलं होतं. 1984 मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तो बीबीसी मायक्रोवरच. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळा होत्या, शिवाय मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने एकॉर्नशी परवान्याचा करारही केला. त्या यंत्रांपैकी बहुतेकांचं पुढे काय झालं असेल, ते शाळेतल्या वापरात नसलेल्या सामानाची गत माहीत असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा तुमच्या शाळेच्या भांडारात काळ्या कीबोर्डचा, वर लाल बटणांची ओळ असलेला जाडजूड संगणक दिसला, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. मुख्याध्यापकांना सांगा, रीतसर मागून घ्या, आणि प्लग लावण्याआधी पॉवर सप्लाय तपासून घ्या.