कान्हे फाटा ते ॲमस्टरडॅम, व्हाया स्वस्त तिकीट

8 जून 1948. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघालं. कैरो, जिनिव्हा आणि मग लंडन. एका बाजूचं तिकीट 1,720 रुपये. आकडा वाचून हेवा वाटतो खरा, पण तेव्हा दहा ग्रॅम सोनं शंभर रुपयांच्या आसपास मिळायचं. म्हणजे एका माणसाच्या नुसत्या जाण्याला सतरा-अठरा तोळे सोनं! आज तेवढं सोनं मोडलं तर आई-बाबा आणि दोन मुलं युरोपला जाऊन येतील, हॉटेलात राहतील, मनसोक्त फिरतील आणि तरी बरंच सोनं घरी राहील.

विमान आवाक्यात आलंय, यात शंका नाही. पुण्याजवळच्या मावळात, अगदी कान्हे फाट्यावरच्या घरांतही आता मे महिन्याच्या सुट्टीचा विषय निघाला की महाबळेश्वरच्या बरोबरीने व्हिएतनाम आणि स्वित्झर्लंडची नावं येतात. मग मोबाइलवर 'सेल'ची जाहिरात झळकते आणि सगळं घर स्क्रीनभोवती जमतं. त्या जाहिरातीतला आकडा आणि कान्ह्याच्या दारातून निघून दारात परत येईपर्यंत होणारा खर्च यांच्यात अंतर असतं. ते अंतर कुठे कुठे लपलेलं असतं, हे शोधणं फार मजेचं आहे.

दूरचं विमान स्वस्त का होत नाही?

आपल्याकडे स्वस्त विमानाची खरी सुरुवात केली कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने, 2003 मध्ये. या कंपनीने एक रुपयातही तिकिटं विकली. त्यामागची युक्ती साधी होती. जवळच्या मार्गावरचं विमान उतरलं की अर्ध्या तासात पुन्हा उडवायचं, दिवसभरात जास्तीत जास्त फेऱ्या मारायच्या, जेवणाला आणि जादा सामानाला वेगळे पैसे घ्यायचे.

हीच युक्ती दहा तासांच्या प्रवासाला लावायला गेलं की अडते. मुंबई-ॲमस्टरडॅम विमान तसंही नऊ-दहा तास हवेतच असतं, त्यामुळे जमिनीवरचा अर्धा तास वाचवून एक फेरी काही वाढत नाही. इंधनाचा वाटा मोठा, आणि त्यात कोणालाच सवलत नाही. शिवाय दीड तास उपाशी बसणारा माणूस दहा तास बसत नाही. मोठ्या कंपन्या बिझनेस क्लास आणि विमानाच्या पोटातल्या मालवाहतुकीच्या कमाईवर मागच्या सीटा स्वस्त ठेवू शकतात. नुसत्या स्वस्त सीटा विकणाऱ्याला हा आधार कमी पडतो.

इतिहासही हेच सांगतो. सर फ्रेडी लेकर या ब्रिटिश गृहस्थांनी 26 सप्टेंबर 1977 रोजी लंडन-न्यूयॉर्क 'स्कायट्रेन' सुरू केली, तिकीट 59 पौंड. लोकांनी रांगा लावल्या. फेब्रुवारी 1982 मध्ये कंपनी बुडाली. आइसलंडची जांभळ्या रंगाची वॉव एअर तर डिसेंबर 2018 मध्ये दिल्लीलाही आली होती. काही आठवड्यांत तिने दिल्ली सोडली आणि 28 मार्च 2019 ला कंपनीच बंद झाली. नॉर्वेजियन या विमान कंपनीने जानेवारी 2021 मध्ये लांबचे मार्ग कायमचे बंद केले.

पुढचा दुवा मात्र थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. नॉर्वेजियनने सोडलेली बरीच बोइंग 787 विमानं नॉर्स अटलांटिक या नव्या कंपनीने भाड्याने घेतली. त्याच नॉर्सकडून इंडिगोने 787 भाड्याने आणली आणि जुलै 2025 च्या पहिल्या दोन दिवसांत मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमची उड्डाणं सुरू केली. या विमानांत इंडिगोने गरम जेवण तिकिटातच दिलं आणि पुढे जास्त ऐसपैस सीटाही ठेवल्या. स्वस्त कंपनीलाही लांबच्या वाटेवर आपला नेम बदलावा लागतो, तो असा. हे मार्ग चटकन सुरू होतात आणि चटकन बंदही होतात, म्हणून मागच्या वर्षी शेजारी ज्या विमानाने गेले ते यंदा असेलच असं धरून चालू नका.

चौथ्या सीटची गंमत

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. विमानात सगळ्या इकॉनॉमी सीटा एका भावाच्या नसतात, त्यांचे गट पाडलेले असतात. समजा सगळ्यात स्वस्त गटात तीनच सीटा उरल्यात आणि तुम्ही चौघांसाठी शोध घेतलात. अशा वेळी बऱ्याचदा चौघांनाही वरच्या गटाचा भाव लागतो. म्हणून आधी एका माणसाचा भाव बघा, मग दोघांचा, मग चौघांचा. चौघांचा भाव माणशी जास्त दिसला तर दोन-दोन जणांचं बुकिंग करता येतं.

पण बुकिंग तोडताना आई एकीकडे आणि मुलं दुसरीकडे करू नका. एप्रिल 2024 मध्ये विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने विमान कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारची सीट द्यायची. 'त्याच पीएनआरवर', म्हणजे एकाच बुकिंगवर, हे शब्द महत्त्वाचे. प्रत्येक बुकिंगमध्ये एक मोठं माणूस आणि एक मूल ठेवलं की स्वस्त भावही मिळतो आणि शेजारही टिकतो. भारतातल्या कंपन्यांच्या बाबतीत सीट निवडायचे पैसे भरण्याआधी हा नियम जरूर आठवावा.

दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर. मोठ्या कंपन्या परदेशी प्रवासात त्याचं साधारण दहा टक्के भाडं घेतात, स्वस्त कंपन्या बहुधा ठरावीक रक्कम. जाताना बाळ एक वर्ष अकरा महिन्यांचं आणि परत येताना दोन वर्षं पूर्ण झालेलं असलं, तर परतीला त्याची स्वतःची सीट लागते. वाढदिवसाची तारीख तिकिटाच्या तारखेशी ताडून पाहा. भिंतीला टांगायचा पाळणा मोठ्या विमानात मिळतो, पण मोजकेच असतात आणि आधी सांगून ठेवावा लागतो.

आणि पासपोर्ट! मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, मुलांचा पाचच वर्षांचा. अनेक देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. आठ महिने आधी सेलमध्ये तिकीट काढणाऱ्या घरात अडचण येते ती मुलाच्याच पासपोर्टवर. युरोपच्या शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वयाला 45 आणि सहाच्या आत फुकट. व्हिसा नाकारला तर ही फी परत मिळत नाही, आणि सेलचं तिकीटही बहुतेक वेळा मिळत नाही. बुकिंग झाल्यावर चूक लक्षात आली आणि प्रवासाची तारीख पुरेशी लांब असली, तर डीजीसीएच्या नियमाने निदान 24 तास तरी विनादंड बदल किंवा रद्द करायची सोय असते. म्हणून पैसे भरले की त्याच रात्री नावं, तारखा, पासपोर्टवरचं स्पेलिंग तपासून टाकावं.

सुकं खोबरं आणि 'हिंदू मील'

गोड्या मसाल्यासाठी अमेरिकेतल्या लेकीला सुक्या खोबऱ्याच्या वाट्या न्यायचा बेत असेल तर थांबा. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुकं खोबरं धोकादायक मालात मोडतं, यूएन 1363 या क्रमांकाने. आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचा जो वर्ग आहे, त्यात. त्यातल्या तेलामुळे ते तापू शकतं. पॉवर बँकेचं वेगळं आहे, ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्याच बॅगेत ठेवायची. तूप आणि लोणच्याचा खार हे द्रव धरले जातात. केबिन बॅगेत 100 मिलिलिटरच्या वर गेले की सुरक्षा तपासणीत बाहेर.

जेवणाची गंमत याहून भारी. तिकीट काढताना 'हिंदू मील' हा पर्याय दिसला की शाकाहारी घरं निर्धास्तपणे तो निवडतात. पण एचएनएमएल या सांकेतिक नावाच्या या जेवणात चिकन, मटण किंवा मासे असू शकतात, गोमांस मात्र नसतं. शाकाहारी भारतीय जेवण हवं तर 'एशियन व्हेजिटेरियन', म्हणजे एव्हीएमएल निवडायचं. मोठ्या कंपन्यांत हे फुकट असतं, फक्त निदान एक दिवस आधी कळवावं लागतं. स्वस्त कंपनीत बहुधा प्रत्येक डब्याचे पैसे. चौघांची जाता-येता दोन-दोन जेवणं म्हणजे सोळा डबे झाले, ते तिकिटाच्या किमतीत धरा. बॅगांचंही तसंच. अनेक स्वस्त कंपन्यांच्या सगळ्यात खालच्या भावात सात किलोची हातातली बॅगच असते.

फ्रँकफुर्ट नावाचं दुसरंच गाव

युरोपात पोहोचल्यावर तिथल्या स्वस्त विमानांचा मोह होतो. नकाशा बघितल्याशिवाय पैसे भरू नका. 'पॅरिस' म्हणून विकलं जाणारं बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरच्या पुढे आहे. 'फ्रँकफुर्ट-हान' तर फ्रँकफुर्टपासून सुमारे 120 किलोमीटर. कान्ह्यापासून अंधेरीचं विमानतळ शंभरेक किलोमीटर आहे. म्हणजे कान्हे फाट्यावर विमान उतरवून प्रवाशांना 'मुंबई आली' असं सांगावं, तसंच ते. आणि उतरल्यावर चौघांची बस वेगळी.

आता आपलं घरचं अंतर. पुण्याचं लोहगाव विमानतळ जवळ, पण तिथून युरोपला थेट मोठी विमानं का उडत नाहीत? धावपट्टी साधारण अडीच किलोमीटरची, मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीनची. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 590 मीटर उंच. उंचावर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, आणि भरपूर इंधन भरलेल्या जड विमानाला त्यामुळे आणखी लांब धाव घ्यावी लागते. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे, हेही आहेच. दुबई, बँकॉकसारख्या टप्प्याला मात्र लोहगाव छान उपयोगी पडलं आहे, आणि मावळकरांनी आधी तिथलाच भाव बघावा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरला तिथून विमानं उडू लागली. तिथली धावपट्टी 3.7 किलोमीटरची. घाट उतरून पनवेल गाठलं की पुढे मुंबईची गर्दी नाही. इथून लांबचे मार्ग जसे वाढतील तसं मावळ-लोणावळ्याच्या घरांचं गणित पुरतं बदलेल, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

तोवर अंधेरी. कान्ह्याहून लोकलने लोणावळा, तिथून एक्सप्रेसने दादर हा मार्ग खिशाला हलका, पण चार मोठ्या बॅगा आणि झोपाळू मुलं असताना टॅक्सीच बरी. शनिवार-रविवारी बोरघाटात अडकण्याचे दोन तास जादा धरा. मध्यरात्रीच्या तिकिटाची तारीख तर दोनदा वाचा. 10 मे, 00:40 असं छापलं असेल तर घर सोडायचं ते 9 तारखेच्या दुपारी. 10 ला रात्री विमानतळावर पोहोचणारी कुटुंबं खरोखर असतात, आणि त्यांचं सगळं तिकीट वाया जातं.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून पैसे वाचवण्याचा एक प्रकार आहे. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर जबाबदारी तुमची. बॅगा मधल्या देशात उतरवून पुन्हा द्यायच्या असल्या तर त्या देशात शिरण्याचा व्हिसाही लागतो. अमेरिकेतून नुसतं पुढे जायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं. एकटा तरुण हा धोका घेऊ शकेल. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असताना मी तरी एकाच तिकिटावरचा, एका थांब्याचा प्रवास निवडेन, मग माणशी चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील. पाच-सहा तासांच्या आत, म्हणजे थायलंड, व्हिएतनामपर्यंत, स्वस्त कंपनी खुशाल घ्यावी. तिथे तिचा हिशेब खरंच जमतो.

गोव्यानं केव्हाच सोडवलेलं कोडं

लांबचा प्रवास स्वस्तात कसा करायचा, याचं एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात चाळीस वर्षं उतरतं आहे. युरोपातल्या सहल कंपन्या अख्खं विमान भाड्याने घेतात, हॉटेल-जेवणासकट पॅकेज विकतात आणि एकेक सीट भरून गोव्याला आणतात. जर्मन, ब्रिटिश, पुढे रशियन कुटुंबं अशीच आली. रिकामी सीट हा विमान कंपनीचा सगळ्यात मोठा तोटा, तो इथे आधीच टळलेला असतो. 1984 मध्ये सुरू झालेली केसरी आणि 2013 ची वीणा वर्ल्ड या मराठी सहल कंपन्या अख्खं विमान नाही, पण सीटांचे मोठे गठ्ठे घेतात. म्हणूनच ऐन मे महिन्यात, जेव्हा एकट्याने काढलेलं तिकीट चढलेलं असतं, तेव्हा ग्रुप टूरचा एकूण आकडा कधीकधी स्वतः जुळवलेल्या सहलीपेक्षा कमी निघतो. दोन्ही हिशेब मांडूनच ठरवावं.

परतीचं विमान जास्त श्रीमंत!

युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम प्रवाशाच्या बाजूचा आहे. युरोपातून निघणारं कोणत्याही कंपनीचं विमान त्याच्या कक्षेत येतं, पण युरोपकडे जाणारं फक्त युरोपीय कंपनीचं असेल तरच. म्हणजे भारतीय कंपनीने मुंबई-ॲमस्टरडॅम जाताना विमान पाच तास उशिरा पोहोचलं तर या नियमाने काही मिळत नाही. त्याच कंपनीचं परतीचं विमान तेवढंच उशिरा आलं आणि चूक कंपनीची असली, तर 3,500 किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला माणशी 600 युरोपर्यंत भरपाई मागता येते. चौघांचे झाले 2,400 युरो, आणि भरपाई माणशी असल्याने सीटचे पैसे भरलेल्या मुलांचाही त्यात पूर्ण वाटा.

बॅग हरवली तर मॉन्ट्रियल करार मदतीला येतो. भारत 2009 पासून त्यात आहे. डिसेंबर 2024 पासून कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशाला 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर. हे आपोआप मिळत नाही. बॅग पट्ट्यावर आली नाही तर विमानतळ सोडण्याआधीच काउंटरवर लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यायचा, आणि बोर्डिंग पास, बॅगेची चिकट पट्टी, मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांची बिलं हे सगळं कान्ह्याला पोहोचल्यावरही दावा मिटेपर्यंत जपून ठेवायचं.