इंग्रजीचा तास होतो, मग इंग्रजी का येत नाही?

नववीचा वर्ग. इंग्रजीचा तास सुरू आहे. शिक्षक धड्यातले एक वाक्य मोठ्याने वाचतात, लगेच त्याचा मराठीत अर्थ सांगतात आणि पुढच्या वाक्याकडे वळतात. साठ मुले माना खाली घालून पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत आहेत. धडा संपला की प्रश्नोत्तरे फळ्यावर येतात, फळ्यावरून वहीत उतरतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतात. मराठीच्या जागी हिंदी किंवा कन्नड घातले की हेच दृश्य इंदूर, पाटणा किंवा हुबळीच्या शाळेतही दिसते.

निबंधाची गंमत तर विचारूच नका. 'माझा जिवलग मित्र' हा विषय दिला, की निम्म्या वर्गाचा मित्र एकाच नावाचा निघतो. त्याचे वडील डॉक्टर असतात आणि तो रोज पहाटे पाचला उठून अभ्यास करतो. कारण उघड आहे, सगळ्यांचे गाइड एकच असते!

गुण मिळतात, म्हणून हे चालून जाते. फटका बसतो तो नंतर. मराठी माध्यमातून दहावीला ऐंशी टक्के मिळवलेली मुलगी मोठ्या उमेदीने अकरावी सायन्सला जाते. तिथे फिजिक्स, केमिस्ट्री सारे इंग्रजीतून. पहिल्या आठवड्यात ती निमूटपणे ऐकते, दुसऱ्या आठवड्यात शंका विचारणे सोडते आणि दिवाळीच्या सुमारास घरी सांगते, "आई, मला सायन्स जमणार नाही." वास्तविक तिला सायन्स जमत नाही असे मुळीच नसते. पुस्तकातले पानभर इंग्रजी कुणाच्या मदतीशिवाय वाचून समजून घेण्याची वेळ तिच्यावर शाळेत कधी आलेलीच नसते.

वर्षे वाढली, वाचन नाही

यावर उपाय म्हणून इंग्रजी लवकर सुरू करावे, असा आग्रह नेहमी धरला जातो. महाराष्ट्रात पूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होते, ते २००० सालापासून पहिलीपासून आले. इतर अनेक राज्यांनीही तीच वाट धरली. पण ग्रामीण भागातील 'असर' या देशव्यापी पाहणीत २०१६ साली आठवीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे ४५ जणांनाच साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली होती. २०२२ मध्ये हा आकडा ४७ च्या आसपासच राहिला. २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाची मुले होती. त्यांतल्या ज्यांना इंग्रजी वाक्ये वाचता आली, त्यांच्यापैकीही सुमारे पाव मुलांना वाचलेल्याचा अर्थ सांगता आला नाही. म्हणजे अक्षरे ओळखू येतात, वाचाही फुटते, पण वाक्य काय म्हणते ते कळत नाही. वर्गात अर्थ सांगण्याचे काम शिक्षकांनीच अंगावर घेतले असेल, तर दुसरे काय होणार?

या पद्धतीची मुळे जुनी आहेत. १८३५ साली मेकॉलेने आपले टिपण लिहिले आणि सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली. आश्चर्य म्हणजे ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९० च्या दशकात आला, तोपर्यंत आपल्याकडच्या पोरांनी शेक्सपिअर आणि मिल्टनवर परीक्षा देऊन दोन पिढ्या होत आल्या होत्या. समजो न समजो, थोर लेखकांवरची टिपणे पाठ करायची ही सवय कॉलेजातून हायस्कुलात झिरपली, ती आजही निघालेली नाही.

बंगळूरचा प्रयोग

पण दुसरी वाट कुणी चोखाळलीच नाही असे नाही. ती आपल्याच देशात, साध्या शाळांत चोखाळली गेली आणि गंमत अशी, की तिचे नाव आपल्या पालकांपेक्षा परदेशातल्या भाषातज्ज्ञांना जास्त ठाऊक आहे.

१९७९ साली एन. एस. प्रभू हे ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात इंग्रजीच्या अध्यापनाचे काम पाहत होते. व्याकरणाचे साचे घोटून घेतल्याने मुलांना भाषा येत नाही, हे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवत होते. मुलाचे लक्ष भाषेवर नसून अर्थावर असेल, तेव्हाच भाषा आपोआप मनात उतरते, अशी त्यांची धारणा होती. ती तपासण्यासाठी बंगळूर, मद्रास आणि दक्षिणेतल्या आणखी काही ठिकाणच्या आठ वर्गांत १९८४ पर्यंत हा प्रयोग चालला. वर्ग नेहमीसारखे भरगच्च होते. महागडी साधने नव्हती, खडू आणि फळा एवढेच.

तास असा चाले. शिक्षक रेल्वेचे वेळापत्रक, एखाद्या भागाचा नकाशा किंवा असेच काही फळ्यावर मांडत आणि इंग्रजीतून प्रश्न विचारत. अमुक गाडी कुठे किती वेळ थांबते? दुपारी तीनच्या आत पोचायचे तर कोणती गाडी धरावी? उत्तर एका शब्दात दिले तरी चाले, नुसता आकडा सांगितला तरी चाले. मुलाच्या तोंडून मातृभाषेतला शब्द आला तर शिक्षक रागावत नसत, तेच इंग्रजीतून म्हणून पुढे जात. मग तसेच दुसरे कोडे प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे. व्याकरणाचे नियम नाहीत, वाक्ये घोकणे नाही. निम्म्या मुलांचे निम्मे तरी काम बरोबर आले, की तास साधला असे मानले जाई. आपल्या घरी शंभरातले चार गुण कमी पडले तर काय होते ते आठवून पाहावे!

प्रयोगाची तपासणी बाहेरच्या अभ्यासकांनी केली. निकाल एकतर्फी नव्हता. वाक्यरचनेच्या ठरावीक चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुले सरस ठरली. संदर्भातून व्याकरण ओळखणे आणि श्रुतलेखन यांत मात्र प्रयोगातल्या वर्गांनी बाजी मारली. प्रभूंनी १९८७ साली या साऱ्यावर पुस्तक लिहिले आणि 'कामातून भाषा' शिकवण्याच्या चर्चेत जगभर त्याचा दाखला दिला जाऊ लागला. बंगळूरच्या शाळा मात्र आपल्या जुन्या वाटेला लागल्या.

असे का झाले? सगळा दोष शिक्षकांवर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. शिक्षकाला स्वतःलाच असे इंग्रजी कुणी शिकवलेले नसते. उत्तरपत्रिकेत धड्याखालचेच प्रश्न येणार असतील, तर वेळापत्रकाचे कोडे घालणारा शिक्षक मुख्याध्यापकांना वेळ घालवणारा वाटतो. आणि पालक? वही कोरी दिसली की पहिली तक्रार त्यांचीच! महाराष्ट्रात दहावीच्या इंग्रजीत तोंडी परीक्षेला वीस गुण आहेत खरे, पण पाठ केलेली चार वाक्ये म्हणून दाखवली तरी बहुधा भागते.

कवितेचे, गोष्टीचे काय?

साहित्य शाळेतून हद्दपार करावे, असा याचा अर्थ नव्हे. उलट गोष्टीइतके चांगले कोडे दुसरे नसते. एनसीईआरटीच्या दहावीच्या 'फर्स्ट फ्लाइट' या २००७ सालच्या पुस्तकात लुसियो रॉड्रिग्ज यांनी रंगवलेला गोव्यातला पाववाला आहे. सकाळी बांबूची काठी आपटत तो येतो, पोरे त्याच्याभोवती गोळा होतात आणि महिन्याचा हिशेब घराच्या भिंतीवर पेन्सिलीने मांडलेला असतो. आता हा धडा 'पाववाल्याचा पोशाख कसा होता?' एवढ्या प्रश्नावर आणून ठेवला, तर मुले दोन ओळी पाठ करतील आणि विसरतील.

पण एखाद्या बाईंनी पुस्तक मिटून इंग्रजीतच विचारले, की तुमच्या घरी दूधवाल्याचा हिशेब कुठे लिहितात? वर्गाची जरा कुजबूज होईल. मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहून म्हणेल, "ऑन कॅलेंडर." रोज किती? "वन लिटर." आणि दूध आले नाही त्या दिवशी? तो अडखळेल, डोके खाजवेल आणि शेवटी मराठीतच सांगेल, "बाई, त्या चौकोनात खाडा लिहितो." मग 'खाडा'ला इंग्रजीत काय म्हणायचे, ते शोधायला बाईंनाही क्षणभर थांबावे लागेल.