नदीकाठची पाऊलवाट आणि आपला बांध

भोपाळच्या दक्षिणेला विंध्याचा डोंगराळ पट्टा आहे. तेथे पडलेले पावसाचे पाणी दोन दिशांना जाते. झिरी गावाजवळ उगम पावणारी बेतवा उत्तरेला वळते आणि पुढे यमुनेला मिळते. त्याच भागातली कोलार नदी मात्र दक्षिणेला उतरून नर्मदेत जाते. भोपाळकर कोलार धरणाचे पाणी पितात आणि आता खुद्द नर्मदेचे पाणीही नळाने तेथे येते. भोपाळहून इटारसीकडे जाणारी आगगाडी घाट उतरून बुधनीला येते, नर्मदेचा पूल ओलांडते आणि नर्मदापुरमला पोहोचते. हेच जुने होशंगाबाद. त्याचे नाव २०२२ साली बदलले.

पुलावरून जाताना प्रवासी पाण्याकडे पाहतात. काहीजण नाणीही टाकतात. आम्हाला आज वाचकांचे लक्ष पाण्याकडे नव्हे, तर दोन्ही काठांवरच्या पाऊलवाटेकडे वेधायचे आहे. ही वाट कोणा सरकारी खात्याने आखलेली नाही. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या भाविकांच्या पायांनी ती पडली, आणि ज्यांच्या शेतांतून ती जाते त्या शेतकऱ्यांनी ती राहू दिली.

नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे. परिक्रमावासी एका काठाने जातो व दुसऱ्या काठाने परततो, म्हणजे चाल अडीच हजार किलोमीटरहून अधिक होते. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि मध्येच ओलांडायची नाही, असा नियम आहे. म्हणून दक्षिण काठाने पश्चिमेकडे आणि उत्तर काठाने पूर्वेकडे, अमरकंटकाच्या दिशेने चालायचे. चातुर्मासात एका जागी मुक्काम करायचा. जुन्या रीतीने हे सारे करायला तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस लागतात. महाराष्ट्रातून ही परिक्रमा करणारे पुष्कळ आहेत. आपला पंथ वेगळा असला, तरी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणाऱ्यांना चालण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता यात शेतकऱ्याचा भाग पाहा. परिक्रमावासी पैसे घेऊन निघत नाही, निदान तशी रीत नाही. गावकरी त्याला सदाव्रत देतात, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. तो आपले अन्न आपण शिजवतो. रात्री ओसरीवर किंवा आश्रमात पडतो. सकाळी निघताना वाट विचारतो, आणि शेतकरी हात करून सांगतो, "त्या बांधावरून जा, पुढे ओढा लागेल." नकाशा म्हणजे हाच हात. होशंगाबादची काळी जमीन गहू-हरभऱ्याला प्रसिद्ध आहे. तवा धरणाचे कालवे आल्यापासून सोयाबीन आणि उन्हाळी मूगही होऊ लागला. एवढी मोलाची जमीन असून हातभर बांध वाटसरूसाठी मोकळा ठेवणे, हे आम्हाला लहान दान वाटत नाही.

ही वाट आता ठिकठिकाणी तुटली आहे. सर्वांत मोठे तुकडे धरणांनी केले. पुनासा येथील इंदिरा सागर जलाशयासाठी २००४ साली हरसूद गाव उठवले गेले. नऊशे चौरस किलोमीटरहून अधिक जमीन पाण्याखाली गेली आणि तिच्याबरोबर काठच्या जुन्या वाटाही गेल्या. खाली सरदार सरोवराने आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली तेहतीस गावे बाधित केली. तेथे परिक्रमावासीयाला काठ सोडून दूरच्या सडकेने जावे लागते, आणि डांबरावर ट्रकांच्या बाजूने चालणे हे पायांना व जिवालाही बरे नव्हे. वाळू उपशाने काही घाटांचे उतार खचले. नदीच्या वाळूत टरबूज-काकडी लावणाऱ्यांनाही धरणातून अवेळी सुटणाऱ्या पाण्याचा त्रास झाला.

धरणे आपल्या हातात नाहीत, हे खरे. पण काही तुकडे आपणच पाडतो. ट्रॅक्टर आल्यापासून दर नांगरटीला बांध वीतभर आत सरकतो. नीलगाय आणि रानडुकरे पिकाची नासाडी करतात, म्हणून काटेरी तार येते. शेतकऱ्याचा त्रास खोटा नाही. परंतु काहीजण रात्री त्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतात, त्याला आमचा सक्त विरोध आहे. हा गुन्हा आहे. त्यात वाटसरू मरतो, शेजाऱ्याचा बैल मरतो, आणि पहाटे विसरून तार धरणारा घरचा मुलगाही मरतो. सौर कुंपण झटका देते पण जीव घेत नाही, ते योग्य पद्धतीने बसवून घ्यावे.

फ्रान्समधला शेतकरी या अडचणीतून कसा गेला, हे पाहण्यासारखे आहे. तेथे १९४७ च्या ऑगस्टमध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात ओर्लेआँ ते बोजाँसी अशी सुमारे २८ किलोमीटरची पाऊलवाट चालणाऱ्यांसाठी खुणा करून उघडली. खूण अगदी साधी, झाडावर किंवा दगडावर रंगाचे दोन आडवे पट्टे, वर पांढरा, खाली तांबडा. फुली असली तर ती वाट चुकीची. हे रंगकाम गावोगावचे स्वयंसेवक करतात. आज तेथे अशा खुणांच्या वाटा एक लाख किलोमीटरहून अधिक आहेत. खासगी शेतातून जायचे तर मालकाशी लेखी करार होतो. १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने पायवाटांची यादी करायची ठरले, आणि यादीतली गाववाट विकायची झाली तर ग्रामपंचायतीसारख्या तेथील संस्थेला आधी पर्यायी वाट द्यावी लागते. शेतकऱ्यालाही यात लाभ झाला. अनेकांनी घरातली खोली वाटसरूंना भाड्याने देऊन, अंडी-चीज विकून जोडधंदा केला. आम्ही आपल्याकडे तांबडे पट्टे मारा असे म्हणत नाही. पण यादी करणे आपल्याला जड नाही. गावातल्या वृद्धांना बसवून जुन्या वाटा एका वहीत उतरवल्या, तरी पुष्कळ भांडणे टळतील.

कारण ही वाट फक्त यात्रेकरूची नसते. तिच्यावरून मुले शाळेत जातात, बाळंतिणीला दवाखान्यात नेतात, आणि मागच्या शेतवाल्याची गाडी माल घेऊन सडकेला लागते. वाट अडली तर काय करावे, हे पत्रातून विचारले जाते म्हणून थोडक्यात सांगतो. मध्य प्रदेशात भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १३१ खाली शेतात जाण्याच्या वहिवाटीचा वाद तहसीलदार स्थानिक चौकशी करून ठरवतो. महाराष्ट्रात नवी वाट हवी असल्यास जमीन महसूल अधिनियम १९६६ चे कलम १४३ आहे, त्याने बांधावरून रस्ता मागता येतो. असलेली वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागावी, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बरेचजण "बघू, बोलू" म्हणत वर्ष घालवतात आणि मग येतात. बोलणे आधी करावेच, पण मुदतही ध्यानात ठेवावी.

आता प्रकृतीविषयी. "आम्ही शेतकरी, आम्हाला चालायला काय शिकवता?" असे कोणी म्हणेल. पण शेतावर जायला आता मोटरसायकल आहे, नांगरायला ट्रॅक्टर आहे. साखरेचा आणि रक्तदाबाचा विकार खेड्यातही घरोघर दिसतो. आठवड्यात निदान दीडशे मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते रोजच्या पंचवीस मिनिटांहूनही कमी भरते.

ज्यांना नर्मदाकाठी चालून पाहायचे आहे त्यांनी कार्तिक ते माघ या काळात जावे. नर्मदापुरमच्या सेठानी घाटापासून बांद्राभानला, म्हणजे तवा जेथे नर्मदेला मिळते तेथपर्यंत, सकाळचे चालणे चांगले होते. तेथे कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. पलीकडे बुधनीत लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी मिळतात, नातवंडांसाठी घ्यावीत.

नवे बूट घालून लांब निघू नये. ते आधी पंधरा दिवस घरी वापरावेत. काहीजण व्रत म्हणून अनवाणी चालतात. साखरेच्या रोग्याने ते करू नये. त्याला जखम कळत नाही व ती चिघळते. रोज रात्री त्याने तळवे पाहावेत किंवा दुसऱ्याला पाहायला सांगावे. फोड आला तर कातडी सोलू नये, धुऊन स्वच्छ कापडाने झाकावा. पाणी उकळलेले न्यावे, नदी कितीही पूज्य असली तरी. जुलाब किंवा उन्हाचा त्रास झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे.

अंधारात बांधावरून जाताना विजेरी व काठी हवीच. साप चावला तर चिरू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये आणि मांत्रिकाकडे न थांबता सापाच्या विषावरील इंजेक्शन असलेल्या सरकारी दवाखान्यात तडक न्यावे. असा दवाखाना जवळ कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.