पित्ताचे दुखणे केव्हा अंगावर काढू नये



‘मला पित्ताचा त्रास आहे,’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. पोट जड झाले, आंबट ढेकर आले, डोके चढले, की आपण पित्ताला बोल लावतो आणि घोटभर सोडा घेऊन कामाला लागतो. बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. परंतु याच शब्दाच्या आड कधीकधी एक मोठा आजार दडून बसतो. तो म्हणजे पित्ताशयाचा कर्करोग, ज्याला आपण कॅन्सर म्हणतो.

पित्ताशय म्हणजे काय, ते आधी पाहू. उजव्या बरगड्यांखाली यकृत असते. त्याच्या खालच्या अंगाला चिकटून लहान लांबट वांग्यासारखी, चार बोटे लांबीची एक पिशवी असते. यकृतात तयार झालेला पित्तरस तिच्यात साठतो आणि तेलातुपाचे जेवण झाले की आतड्यात उतरतो. या रसातले घटक साकळून काहींना खडे होतात. हा कर्करोग झालेल्या बहुतेक रोग्यांच्या पित्ताशयात असे खडे सापडतात. मात्र खडे असलेल्यांपैकी फार थोड्यांनाच हा रोग होतो. तेव्हा खडे निघाले म्हणून घाबरून जाऊ नये. हा रोग पुरुषांपेक्षा बायकांत अधिक, आणि वयाच्या पन्नाशीनंतर वाढत जातो. गंगेच्या खोऱ्यात तो पुष्कळ आढळतो. आपल्याकडे कमी, पण कमी म्हणजे नाहीच, असे नव्हे.

आता त्याच्या खुणा. खरे सांगायचे तर सुरुवातीला हा रोग बहुधा मुकाच असतो. म्हणून दुखण्याची चाल बदलली का, इकडे लक्ष ठेवावे. खड्यांची कळ साधारणपणे येते आणि काही तासांनी जाते. तीच कळ आता दिवसचे दिवस उजव्या कुशीत ठाण मांडून बसली, अन्नावरची वासना उडाली, मळमळ थांबेना, उपासतापास नसताना चोळी सैल पडू लागली, बरगडीखाली हाताला गाठ लागली, तर ‘पित्तच आहे’ म्हणून घरात बसू नये.

दुसरी खूण काविळीची. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके आणि अंगाला खाज, असे झाले तर पित्ताची वाट अडली असण्याचा संभव असतो. ही खूण बहुधा उशिरा दिसते, म्हणून तिची वाट पाहू नये. आणि दिसली तर एक दिवसही दवडू नये. पण आपण काय करतो? गळ्यात काविळीची माळ घालतो. माळ लांबली की कावीळ उतरली, असे समजतो. वास्तविक माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात, दोरा सैल होतो आणि माळ लांबते. साथीची कावीळ बहुधा आपली आपणच बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. वाट अडल्याची कावीळ मात्र अशी उतरत नाही. माळ लांबत राहते, तोवर आत रोग पसरतो.

मग करावे काय? डॉक्टरांना दाखवून पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. तिला उपाशीपोटी जावे लागते. ती दुखत नाही. रोग पित्ताशयापुरता असेल, तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. यकृतात खोल पसरल्यावर ते फार कठीण होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. खड्यांसाठी पित्ताशय काढले, तर ते तपासणीला पाठवले का आणि अहवाल काय आला, हे जरूर विचारा. कित्येकदा रोगाचा पहिला पत्ता तिथेच लागतो.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. पालकसभेत हे पाच मिनिटे सांगा. घरातली बाई सगळ्यांना वाढून मग जेवते, आणि आपले दुखणेही तसेच मागे ठेवते. तिची भूक मेली, हे घरच्यांच्या ध्यानात आले पाहिजे. तिने न सांगताही.