केकच्या भांड्यातले गणित

बँकेतील नोकरी म्हटली की बदली ओघाने आलीच. आदेश आपल्या नावाने निघतो. त्याची झळ मात्र बरेचदा घरातील मुलांना सोसावी लागते. कोल्हापूरहून भोपाळला आलो तेव्हा आमची कन्या नुकतीच सातवीत गेली होती. नवे गाव, नवी भाषा, नव्या मैत्रिणी आणि गणिताचे निराळे पुस्तक. सहामाहीची उत्तरपत्रिका हाती आली, तेव्हा तीत चुका थोड्या आणि कोऱ्या जागाच अधिक दिसल्या. “चुकण्यापेक्षा न लिहिलेलं बरं ना, आई?” असे तिने शांतपणे विचारले आणि आम्ही उभयता चपापलो. कमी गुणांची भरपाई पुढे होऊ शकते. पण चुकण्याची भीती एकदा मनात घर करून बसली की ती सहजासहजी निघत नाही.

शिकवणी लावावी की नाही, हा विचार चालू असतानाच एका रविवारी तिने केक करण्याचा हट्ट धरला. पाककृती आठ इंच व्यासाच्या गोल भांड्यासाठी दिलेली होती. आमच्याकडचे भांडे उंचीला तेवढेच, पण सहा इंच व्यासाचे. “सहा म्हणजे आठाचे तीन चतुर्थांश. म्हणून सगळे साहित्य पाऊणपट घ्यायचे,” असा तिचा हिशेब. दिवसभर आकड्यांत वावरणाऱ्या मलाही तो पटला! अर्ध्या तासात मिश्रण भांड्याबाहेर उतू आले, ओव्हनच्या तळाशी सांडून करपले आणि घरभर धूर झाला. तिचा चेहरा उतरला. मी म्हटले, “अगं, चूक तुझी एकटीची नाही, माझीही आहे. चल, कुठे चुकलो ते शोधू.”

कागदावर दोन वर्तुळे काढली. भांड्यात मिश्रण किती मावते हे, उंची सारखी असेल तर, तळाच्या क्षेत्रफळावर ठरते. आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मोठ्या भांड्याची त्रिज्या ४ इंच, वर्ग १६. लहान भांड्याची ३ इंच, वर्ग ९. म्हणजे साहित्य हवे होते नऊ सोळांश, निम्म्याहून जेमतेम थोडे अधिक. आपण घेतले बारा सोळांश. २५० ग्रॅम मैद्याच्या जागी सुमारे १४० ग्रॅम पुरला असता, आपण जवळजवळ १९० ग्रॅम घातला. पुढच्या रविवारी केक भांड्याच्या काठापर्यंत येऊन नेमका थांबला. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र तिला त्यानंतर कधी पाठ करावे लागले नाही.

विज्ञान आणि इतिहासही

मग हा रविवारचा शिरस्ताच झाला. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. दह्यातील आम्लाशी त्याची गाठ पडताच कार्बन डायऑक्साइड वायू सुटू लागतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी केक हलका होतो. हे तिने पडताळून पाहिले. अर्धे मिश्रण लगेच भाजले, उरलेले अर्धे तासभर तसेच ठेवून भाजले. दुसरा केक बसका निघाला, कारण बराचसा वायू आधीच उडून गेला होता.

पाव करायचे ठरले तेव्हा तीन पेल्यांत थोडी साखर आणि यीस्ट घेतले. एकात गार, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात उकळते पाणी घातले. कोमट पेला थोड्याच वेळात फसफसला. उरलेले दोन्ही स्तब्ध होते. नंतर ते दोन्ही पेले कोमट होऊ दिले. गार पेल्यातील यीस्ट जागे झाले. उकळत्या पाण्यातील झाले नाही. झोपलेला जीव आणि मेलेला जीव यांतील फरक तिला डोळ्यांनी दिसला.

‘पाव’ हा शब्दच पोर्तुगिजांकडून आला. गोव्यात त्यांना यीस्ट सहज मिळेना, तेव्हा पीठ फुगवण्यासाठी माडाच्या ताडीचा उपयोग होऊ लागला. व्हॅनिलाच्या वेलीची कथा तर तिच्याच वयाच्या मुलाची. ही वेल मूळची मेक्सिकोची. इतरत्र तिला फुले येत, पण शेंगा धरत नसत. १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एका बारीक काडीने फुलाचे परागीकरण करण्याची सोपी रीत शोधली. नकाशात ते बेट शोधता शोधता भूगोलाचा तास कधी संपला, हे तिला कळलेही नाही.

हिशेबाची वही

प्रत्येक केकचा खर्च तिने वहीत मांडायचा, असा नियम केला. पहिल्या हिशेबात मैदा, साखर, लोणी, दही सगळे होते, वीज नव्हती. १५०० वॅटचा ओव्हन ४० मिनिटे सलग चालला तर एक युनिट वीज लागते, हे तिनेच गुणाकार करून काढले. “आणि आपली मेहनत?” असा पुढचा प्रश्न तिचाच. खर्च आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला याहून चांगला धडा कोणता?

ही कल्पना नवी मुळीच नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ मांडली. हाताने केलेल्या उत्पादक कामातून इतर विषय शिकावेत, हाच तिचा गाभा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अनुभवातून शिकण्यावर भर आहे. पालकांनी मात्र दोन पथ्ये पाळावीत. तापलेल्या ओव्हनजवळ मोठ्या माणसाने उभे राहावे, आणि केक खाऊन झाल्यावर वही जरूर उघडावी. स्वयंपाकघर पाठ्यपुस्तकाची जागा घेत नाही. ते पुस्तकाकडे जाण्याची वाट सोपी करते.

वार्षिक परीक्षेत आमच्या कन्येला गणितात डोळे दिपवणारे गुण मिळाले नाहीत. पण उत्तरपत्रिकेत एकही जागा कोरी नव्हती. दोन उदाहरणे चुकली होती, आणि ती कुठे चुकली हे घरी येताच तिने आपण होऊन सांगितले. आम्हाला याहून अधिक काही नको होते. ते सहा इंची भांडे आजही आमच्याकडे आहे. त्याच्या काठावरचा करपल्याचा काळा डाग घासून निघाला असता. पण तो कुणी घासायचा नाही, अशी तिची ताकीद आहे.