२०डब्ल्यू०६ए म्हणजे काय?

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमच्या चाचणी आवृत्तीला 'स्नॅपशॉट' म्हणतात. अशाच एका स्नॅपशॉटचं नाव '२०डब्ल्यू०६ए'. वाचून गाडीची नंबरप्लेट आठवते, पण फोड सोपी आहे: २०२० सालचा सहावा आठवडा आणि त्यातला पहिला स्नॅपशॉट. त्याच आठवड्यात दुसरा निघाला, तर शेवटी 'बी' यायचा. नेदराइट हा धातू खेळाडूंना पहिल्यांदा यातच मिळाला.

गोम अशी, की नावात तारीख आहे, पत्ता नाही. हा स्नॅपशॉट जूनमध्ये आलेल्या १.१६ आवृत्तीचा, हे त्यावरून कळायला मार्गच नाही. बरं, त्या १.१६ मधलं टिंबही दशांशचिन्ह नव्हे. २०१६ मध्ये १.९ नंतर चक्क १.१० आली. गणिताच्या मास्तरांनी इकडे न पाहिलेलंच बरं.