हवा टाइट भरली की टायर फाटत नाही?

"दगडातून जायचंय ना? मग हवा टाइट मार, काही होत नाही." हा सल्ला पंक्चरवाला देतो, दुकानातला पोरगा देतो आणि आयुष्यभर सायकल चालवलेले काकाही देतात. नवखा माणूस तो ऐकून माउंटन बाइकमध्ये 45 पीएसआय भरतो आणि सह्याद्रीतल्या एखाद्या दगडी उतारावर टायर चिरून बसतो. मग पुढच्या वेळी काय करतो? 50 भरतो!

या सल्ल्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच तो मरत नाही. दगडावर टायर दोन तऱ्हांनी जातो. पहिली तऱ्हा चिमट्याची. हवा फार कमी असली की दगड टायरला थेट रिमपर्यंत दाबतो आणि ट्यूब दोघांच्या मध्ये सापडते. ट्यूब बाहेर काढून बघा, शेजारी शेजारी दोन भोकं दिसतील. सायकलवाले याला 'स्नेकबाइट' म्हणतात. हवा वाढवली की हा प्रकार कमी होतो, हे खरं. रस्त्यावरच्या साध्या सायकलींना एवढाच धोका असल्यामुळे 'टाइट मार' हा तिथला शहाणपणा ठरला.

दुसरी तऱ्हा चिरण्याची. दगडाची धार टायरच्या कडेच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये घुसते. तिथं रबराचा थर पातळ असतो. एकच लांबट चीर पडते आणि तिच्या कडांना तुटलेले धागे दिसतात. इथं जास्त हवा वाचवत तर नाहीच, उलट घात करते. ताणून धरलेल्या कापडावर कात्री सरसर चालते, सैल कापडावर अडखळते. टायरचंही तेच होतं. मध्यम हवेचा टायर टोकदार दगडाभोवती थोडा दबतो, तर फुगवून कडक केलेला टायर सगळा भार त्या टोकावरच घेतो.

ढोबळ हिशेब करा. एका चाकावर 45 किलो भार धरला तर 40 पीएसआयला टायर जमिनीला साधारण 16 चौरस सेंटिमीटर टेकतो आणि 24 पीएसआयला 26-27. टेकणं कमी झालं की पकड गेली. चाक दगडावरून उसळतं आणि पुढच्या दगडावर कुशीनं आपटतं. चीर बहुतेकदा इथंच पडते.

"पण कमी हवेनं सायकल जड चालते ना?" डांबरावर, हो. खडबडीत वाटेवर नेमकं उलट होतं, आणि हे मी म्हणत नाही. टायर बनवणाऱ्या श्वाल्बे कंपनीच्याच तांत्रिक माहितीत आहे. प्रत्येक दगडागणिक सायकल आणि स्वार वर उचलण्यात जी ताकद वाया जाते, ती दबणारा टायर वाचवतो.

त्यात आपला दगड बेसाल्ट. बारीक कणांचा, कठीण, आणि फुटला की धारदार कडा देणारा. प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी इथं सापडलेल्या अश्मयुगीन हातकुऱ्हाडी याच जातकुळीच्या दगडाच्या आहेत. ज्या दगडाची कुऱ्हाड होते, त्याला पंपानं उत्तर देता येत नाही.

उत्तर आहे केसिंगमध्ये, म्हणजे रबराखालच्या धाग्यांच्या थरांत. एकाच नक्षीचा टायर वेगवेगळ्या केसिंगमध्ये मिळतो, आणि ही गोष्ट दुकानात क्वचितच कुणी सांगतं. मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ घ्या. तो एक्सो, एक्सो प्लस, डबल डाउन आणि डीएच अशा चढत्या मजबुतीत येतो. एक्सो हा एकपदरी टायर, साइडवॉलला संरक्षक पट्टी दिलेला. डबल डाउन आणि डीएच दुपदरी. श्वाल्बेकडे हीच चढण सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल अशी, तर कॉन्टिनेंटलकडे ट्रेल, एन्ड्युरो, डाउनहिल अशी आहे. एकपदरीवरून दुपदरीवर गेलात की टायरमागे साधारण दोन-अडीचशे ग्रॅम वाढतात. चढावर ते जाणवतात, पण फाटक्या टायरची सायकल ढकलत गाव गाठणं त्याहून जास्त जाणवतं. वजन नकोच असेल, तर निदान मागचा टायर तरी जाड केसिंगचा घ्या. जास्त भार आणि जास्त मार तोच खातो.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

'टीपीआय जास्त म्हणजे टायर मजबूत.' नाही. टीपीआय म्हणजे इंचातले धागे. धागे वाढले की ते बारीक होतात. टायर हलका आणि लवचीक होतो, चिवट नव्हे. शिवाय काही कंपन्या सगळ्या थरांची बेरीज छापतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे ताडून बघण्यात अर्थ नाही.

'खोल नॉब असले की दगड लागत नाही.' नॉब, म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे, तळाला असतात, चीर कुशीत पडते. टायर गोटा झाला की बदला, पण नव्या नक्षीकडून साइडवॉलच्या रक्षणाची अपेक्षा नको.

'टायरवर छापलेला आकडा म्हणजे भरायची हवा.' तो कमाल मर्यादेचा आकडा आहे. रिमची मर्यादा वेगळी असते, तीही बघा.

'ट्यूबलेसला पंक्चर नाही.' टायरमध्ये ओतलेलं सीलंट बाभळीचा काटा आणि काही मिलिमीटरचं भोक बुजवतं. बोटभर चिरीतून ते पिचकारीसारखं उडतं. आणि आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं. दर दोन-तीन महिन्यांनी तपासा.

'आत पट्टी टाकली की झालं.' काटेरोधक पट्टी तळाला असते. काट्याला चालते, साइडवॉलच्या चिरीला नाही.

'तारेच्या बीडचा टायर दणकट.' बीड म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड. तिच्यातली तार टायर रिमवर धरते. केसिंगच्या जाडीशी तिचा संबंध नाही.

मग हवा किती? साधारण 70-75 किलोचा स्वार, 2.4 इंची ट्यूबलेस टायर: पुढे 22-24, मागे 25-27 पीएसआयपासून सुरुवात करा. आत ट्यूब असेल तर तीन-चार वाढवा. रिम दगडावर ठणकत असेल तर एकेक पीएसआय चढवा. तरीही ठणकतच असेल, तर तुमचं केसिंग त्या वाटेला पुरत नाही एवढाच त्याचा अर्थ. अंगठ्यानं दाबून दोन-तीन पीएसआयचा फरक कुणालाच कळत नाही, म्हणून एक डिजिटल गेज घ्या. आणि पुढचा टायर घेताना नक्षीआधी केसिंग विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर टायरच्या कुशीवर ते छापलेलं असतं. स्वतः वाचा आणि मगच पैसे द्या.